‘मावशी, आईला सांगू नकोस’

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. ‘‘ताई, तू ये बाई इकडे. ही पोरगी ट्रॅम्पोलिन सोडते म्हणतेय. चार वर्षं घातली त्यात, आणि आता स्पर्धा तोंडावर आली तर म्हणे अभ्यास करायचाय!’’ भाची चौदा वर्षांची. तिला अभ्यासाची एवढी ओढ कधी लागली, मलाही कळेना. बहिणीच्या मनात तर भलभलत्या शंका.

ट्रॅम्पोलिन म्हटलं की आपल्याला जत्रेतली उड्या मारायची जाळी आठवते. (तिथेही एका वेळी एकच मूल सोडावं बरं का. बहुतेक दुखापती एकाच जाळीवर दोघं-चौघं उड्या मारतात तेव्हाच होतात.) भाचीचा खेळ त्याहून फार वेगळा. जिम्नॅस्टिक्सचा हा प्रकार २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. टम्बलिंग ही त्याची सख्खी बहीण, लांबलचक उसळत्या पट्ट्यावर सलग कोलांट्या मारायच्या. ती मात्र सध्या ऑलिंपिकमध्ये नाही.

मी सरावाला जाऊन बसले. जाळी साधारण चौदा फूट लांब, सात फूट रुंद, म्हणजे दोन डबल बेड टोकाला टोक लावून ठेवावेत एवढी, आणि जमिनीपासून जवळजवळ चार फूट उंच. तिच्यावर दहा वेगवेगळ्या कसरती न थांबता करायच्या. मधल्या खुणेपासून सरकलं की गुण कमी. हवेत किती वेळ राहिलात त्याचेही गुण. पोरी छताकडे झेपावायच्या, हवेत दोन कोलांट्या, एक गिरकी, आणि पुन्हा पायांवर! माझा तर श्वासच अडकला.

पण इतकी वर्षं महिला मंडळातर्फे शाळांमधून मुलींशी पाळीबद्दल बोलते आहे, त्यामुळे नजर दुसरीकडेही जाते. दोन तासांत भाची चार वेळा बाथरूमला गेली. पाण्याची बाटली आणली तशी भरलेली. चौथ्या वेळेला सर ओरडले, ‘‘सारखं काय बाहेर?’’ तिचा चेहरा एवढासा झाला.

रात्री गच्चीत तिला जवळ घेतलं. काही विचारलं नाही, माझंच सांगितलं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर मला खोकताना, हसताना थेंब-थेंब लघवी व्हायची. लग्नाकार्यात पोट धरून हसायचीही चोरी. सहा वर्षं मी कोणाला, अगदी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पोरगी रडायलाच लागली. ‘‘मावशी, आईला सांगू नकोस. मला उडी मारताना होतं तसं. म्हणून दुपारपासून पाणीच पीत नाही मी.’’

खरं सांगते, मी चक्रावले. हा त्रास बाळंतपण झालेल्या बायकांचाच, अशीच माझी समजूत. चौदा वर्षांच्या मुलीला? आईला सांगायलाच हवं, हे तिला पटवायला अर्धी रात्र गेली. बहीण आधी चिडली, मग गप्प झाली, मग स्वतःच डॉक्टरांची वेळ घेऊन आली.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली. जंतुसंसर्ग नव्हता. मग त्यांनी समजावलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, तिने मूत्राशय तोलून धरलेलं असतं. उंचावरून खाली आलं की वजनाच्या कितीतरी पट दाब त्या झोळीवर पडतो, आणि या मुली दिवसाला शेकडो उड्या मारतात. स्वीडनमध्ये २००२ साली बारा ते बावीस वयाच्या ३५ ट्रॅम्पोलिनपटू मुलींना विचारलं, तर २८ जणींनी सराव करताना लघवी गळते म्हणून सांगितलं. मूल एकीलाही झालेलं नव्हतं. पस्तिसातल्या अठ्ठावीस! आणि आमची पोरगी समजत होती, जगात आपल्या एकटीलाच हे होतं.

पाणी तोडणं मात्र चूकच. लघवी दाट होऊन आणखी त्रास देते, आणि हवेत उलटं असताना चक्कर आली तर काय करायचं?

फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम शिकवले. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे, काही सेकंद धरायचे, सावकाश सोडायचे. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या ताठ करायच्या नाहीत. आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कारण कुंथल्याने तीच झोळी ताणते. फरक पडायला तीनेक महिने लागतील, म्हणाल्या. तोवर सरावाला पॅड आणि गडद रंगाची शॉर्ट्स.

सरांना कोण सांगणार, हा प्रश्न होताच. बहीण गेली, मान खाली घालून का होईना, पण बोलली. सर बिचारे तिच्याहून जास्त लाजले. पण दुसऱ्या दिवसापासून दर अर्ध्या तासाने सगळ्यांनाच पाच मिनिटांची सुट्टी. त्यानंतर आठवड्याभरात आणखी दोघी जणी भाचीला एकीकडे घेऊन विचारत होत्या, ‘‘तुझे ते व्यायाम कोणते गं?’’

स्पर्धेत सातव्या उडीला तिचा तोल गेला आणि डाव तिथेच संपला. घरी येऊन खूप रडली. यंदा पुन्हा तयारी चालू आहे. त्रास पूर्ण गेलाय असं नाही, लांब सराव झाला की अजून होतो, पण बाटली रिकामी होते.

परवा बहिणीचा फोन होता. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘ताई, ते आवळायचं किती सेकंद धरायचं असतं गं? मला विचारायचं होतं... माझ्यासाठी.’’