पावसाळ्यातील कागदी बाग

आषाढात पावसाने चार दिवस उघडीप दिली, की लोधीखेड्यातील घरे रिकामी होतात. कपाशीत डवरणी-निंदणाची घाई उडते, संत्र्याची झाडे हात मागत असतात, आणि ज्यांची नोकरी बोरगावच्या कारखान्यांत आहे ते पाळीवर गेलेले असतात. अशा दुपारी गल्लीतून एक फेरी मारावी. ओसरीओसरीवर केवळ वृद्ध माणसे दिसतील. ‘आता तुम्ही आराम करा’ असे सांगून आपणच त्यांना तेथे बसविलेले असते. हा आराम त्यांना किती जड जातो, हे आम्हांस बरेच उशिरा कळले.

आमच्या सासूबाईंचे वय ७८. काही वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून त्या पडल्या. हाड सांधले, पण तेव्हापासून आम्ही त्यांच्या हातून विळी काढून घेतली, चुलीजवळ जाऊ देईनासे झालो, तांदूळ निवडण्याचे सूपही आपल्याकडे ओढले. सारे काळजीपोटीच. त्या मात्र दिवसेंदिवस अबोल होत चालल्या. बोटांचे सांधे धरलेले, सकाळी मूठ वळत नसे. ‘माझ्यावाचून या घरात काही अडते का गं?’ असे त्यांनी एकदा विचारले, तेव्हा आम्हांला लगेच उत्तर सुचले नाही, आणि ते त्यांच्या ध्यानात आले.

त्याच वर्षीची पोळ्याची गोष्ट. बैलांच्या शिंगांना बेगड लावून झाली, झुली काढल्या, आणि वेळ नाही म्हणून बाजारातून प्लॅस्टिकच्या फुलांचे तयार हार आणले. तोरणाखालून बैल फिरून आले, पुरणपोळीचा घास झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतील एक हार गोठ्यात अर्धा चघळलेला सापडला. फुले तारेत ओवलेली होती. बैलाने चारा टाकला तेव्हा आमच्या तोंडचे पाणी पळाले. गुरांच्या डॉक्टरांनी तपासून समजावले ते असे : गुरे घास नीट न चावता गिळतात आणि मागाहून रवंथ करतात, त्यामुळे तार-खिळा सहज पोटात जातो. तो जाळीसारख्या दुसऱ्या कप्प्यात अडकतो, तो कप्पा हृदयाच्या अगदी जवळ असतो, आणि पोट आकसताना टोक पुढे सरकले तर जनावर दगावते. आमचा बैल चार दिवसांत चाऱ्याला लागला, हे नशीबच म्हणावयाचे.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘आमच्या फुलांत तार नसायची. अंबाडीचा धागा असायचा.’

ही फुले त्या सून म्हणून या घरात आल्यापासून करीत होत्या. रंगीत कागद तेव्हा नागपूरहून यावयाचा, बहुधा छोट्या गाडीने. नागपूर-छिंदवाड्याची ती छोटी लाइन २०१५ साली बंद झाली आणि तिच्या जागी मोठी लाइन आली. कागद मात्र अजून पूर्वीचाच मिळतो. पतंगी कागद संक्रांत उलटल्यावर घ्यावा, तेव्हा दुकानदार उरलेले ताव स्वस्तात देतो, हेही त्यांचेच शिकविणे. पुढच्या आषाढात आम्ही कागदाचे ताव त्यांच्यापुढे नेऊन ठेवले आणि मनापासून सांगितले, की यंदा पोळ्याला ४० फुले हवीत आणि आम्हांस ती येत नाहीत.

या गोष्टीवर आमचा जरा आग्रह आहे. वृद्धांना विरंगुळा म्हणून काही करावयास द्यावे असे हल्ली पुष्कळ ऐकू येते. पण विरंगुळा आणि काम यांतील फरक म्हाताऱ्या माणसाला आपल्यापेक्षा लवकर कळतो. केलेली वस्तू कपाटात जाणार असेल तर तो दुसऱ्या दिवशी हात आवरतो. अमुक तिथीला बैल सजणार आहे आणि फुले नसतील तर शिंगे उघडी राहणार आहेत, हे ठाऊक असेल तर दुखत्या बोटांनीही तो सकाळी बैठक मांडतो.

झेंडूचे फूल करावयास सर्वांत सोपे, म्हणून आरंभ त्याने करावा. पतंगी कागदाचे, साधारण १० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब असे आठ तुकडे एकावर एक ठेवावेत. पंख्याला घालतो तशा पाऊण बोटाच्या उलटसुलट घड्या घालाव्यात, मधोमध धागा घट्ट आवळावा, आणि दोन्ही टोके कात्रीने गोल कापून एकेक पदर हलकेच मध्याकडे उचलावा. ज्यांची बोटे ताठ आहेत त्यांना घड्या जमतात; गाठ जमत नाही. आमच्याकडे गाठी मारण्याचे काम शेजारच्या आबाजींनी घेतले. त्यांना दिसते कमी, परंतु आयुष्यभर दावी-कासरे वळलेले हात, गाठ न पाहता मारतात. परातीत काळे फडके पसरले म्हणजे फिका कागद नजरेला पटकन सापडतो. कात्रीच्या मुठीला चिंधी गुंडाळली तर अंगठ्याला रुतत नाही. वीसेक मिनिटे झाली की हात कोमट पाण्यात बुडवून बसावे. सांधे याने बरे झाले असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. सकाळी ते दुखतात तसेच दुखतात.

श्रावणाच्या सरींत पतंगी कागदाचा रंग उतरतो. यावर जुना उपाय मेणाचा. उकळत्या पाण्यात ठेवलेल्या डब्यात पांढरे मेण वितळवून फूल त्यात बुडवून काढले, की पाणी ठरत नाही. हे काम मात्र तरुण हातांनी करावे. येथे आम्ही हट्टाने सासूबाईंना दूर ठेवतो आणि त्या हट्टाने जवळ येतात. आणखी एक : पूर्वी खळ टिकावी म्हणून तीत मोरचूद घालीत. ते विष आहे. घरात पोरे आणि गुरे असताना खळ रोज ताजी शिजवावी हे बरे.

पोळा झाला की महालक्ष्म्या. त्यांच्यापुढे क्रेप कागदाची कमळे लागतात. या कागदाला सुरकुत्यांची एक दिशा असते. सुरकुती देठाकडून टोकाकडे जाईल अशीच पाकळी कापावी. मग दोन्ही अंगठ्यांनी मधोमध आडवी ताणली की ती आपोआप वाटीसारखी खोल होते. उलट कापलेली पाकळी कितीही ताणा, चपटीच राहते. देठाला तारेऐवजी खराट्याची काडी. पुढे भुलाबाई येते, पोरींचा घोळका येतो, आणि गाण्यांबरोबर फुलांचीही फर्माईश होते.

दसऱ्याला हे सारे थांबते. ‘झेंडू निघाला, आता कागद ठेवा,’ असा सासूबाईंचा नियम. खरे फूल अंगणात असताना कागदाचे करणे त्यांना अपमानास्पद वाटते; कोणाचा, हे त्या सांगत नाहीत. फाल्गुनात नातीने पळसाची फुले करू या म्हटले तेव्हा त्यांनी नुसते सातपुड्याच्या दिशेने बोट दाखविले. थोडक्यात, त्यांचे पंचांग खऱ्या फुलांच्या उलटे चालते : शेवंती-झेंडू बहरात नसतात, हारात टिकणारे फूल मिळत नाही, तेव्हा यांची बाग फुलते.

येथे एका परदेशी बाईची आठवण होते. मेरी डिलेनी या इंग्लंडमधील विधवेने १७७२ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, समोरच्या फुलाची पाकळी आणि जवळ पडलेला तांबडा कागद यांचा रंग हुबेहूब एक आहे असे पाहिले आणि कात्री उचलली. कागदाचे बारीक बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून तिने खऱ्या वनस्पतींची चित्रे करावयास घेतली. पुढील दहा वर्षांत अशी ९८५ चित्रे झाली. १७८२ मध्ये दृष्टी अधू झाल्यामुळे तिला थांबावे लागले. ती चित्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ही हकिकत आम्ही सासूबाईंना वाचून दाखविली. सर्व ऐकून त्यांनी विचारले, ‘गाठी कोण मारून देत होतं तिला?’ चिकटवायची असत, गाठ नव्हती, असे सांगितल्यावर त्यांचे तिच्याविषयीचे मत किंचित उतरले.

आता गल्लीत बैलजोड्या थोड्या उरल्या आहेत. ट्रॅक्टरला फूल कोठे बांधावे हा प्रश्नच आहे. तरी पोरांचे लाकडी बैल आहेत, आणि त्यांच्या शिंगांना सुपारीएवढी फुले लागतात, ती मोठ्या फुलांहून अवघड. यंदा पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही शेतातून परतलो तेव्हा ओसरीवर सासूबाई, आबाजी आणि पलीकडच्या आळीतील दोन आजी अशी चार माणसे परातीभोवती बसली होती, आणि कोणाचा झेंडू विस्कटला यावरून कडाक्याचे भांडण चालले होते. आम्ही चहा ठेवावयास आत गेलो. विळी पाटावर उघडी होती, आणि शेजारी चिरून ठेवलेली दोडकी.