भांडण नव्या जमिनीचं : अमेरिकेतलं यादवी युद्ध का पेटलं?

मागच्या भागात आपण मुंबईतल्या कापसाच्या तेजीची गोष्ट ऐकली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आपल्याकडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले, मुंबईला शेअर्सचं वेड लागलं आणि १८६५ साली युद्ध संपल्यावर सगळा डोलारा कोसळला. त्या भागानंतर बऱ्याच जणांनी फिरून फिरून एकच विचारलं. युद्ध गुलामगिरीवरून झालं असं तुम्ही एका वाक्यात उरकलंत. पण उत्तरेकडच्या लोकांनी गुलामगिरी बंद करतो असं तेव्हा म्हटलं तरी होतं का?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आहे, नव्हतं म्हटलं. १८६० साली अब्राहम लिंकन निवडणुकीला उभा राहिला तेव्हा त्याच्या रिपब्लिकन पक्षाची भूमिका अशी होती : ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथे आम्ही हात लावणार नाही. फक्त पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत ती पसरू देणार नाही. एवढंच. आणि एवढ्यावरून, त्यानं शपथ घ्यायच्या आतच, सात राज्यं देशातून फुटून बाहेर पडली.

आता बघा, दोन भाऊ एकाच वाड्यात राहतात. एकाचं वागणं दुसऱ्याला पटत नाही, पण आपापल्या खोलीत काय करायचं ते करा म्हणून वर्षानुवर्षं निभतं. मग घराण्यात नवी जमीन येते, आणि तिथे कोणाची रीत चालणार हे ठरवावंच लागतं. अमेरिकेत ही नवी जमीन एकदा नाही, पुन्हा पुन्हा आली. दर वेळी ती आली की झाकून ठेवलेलं भांडण उघड्यावर यायचं.

सुरुवात कापसापासून करू. १७९३ साली एली व्हिटनीनं सरकी वेगळी करायचं यंत्र काढलं. त्याआधी आखूड धाग्याच्या कापसातली सरकी हातानं काढायला इतका वेळ जायचा की तो कापूस परवडतच नसे. यंत्र आलं आणि जॉर्जियापासून पश्चिमेला मिसिसिपी नदीच्या पलीकडपर्यंत कापूसच कापूस झाला. १७९० साली देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० साली जवळपास ४० लाख. बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून कायद्यानं बंदी होती, तरीही हा आकडा. म्हणजे ही जवळपास सगळी माणसं तिथेच, गुलामीतच जन्माला आलेली.

आणि हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. व्हर्जिनिया, मेरीलँड ही जुनी राज्यं. तिथल्या जमिनी तंबाखूनं थकल्या होत्या, पण माणसं होती. पश्चिमेला नवी काळी कसदार जमीन होती, आणि माणसं हवी होती. मग व्हर्जिनियाच्या मालकांनी माणसंच विकायला काढली. यादवी युद्धापूर्वीच्या सत्तर वर्षांत सुमारे १० लाख गुलामांना असं दक्षिणेला आणि पश्चिमेला हलवलं गेलं. काहींना मालकाबरोबर जावं लागलं, पण बऱ्याच जणांना दलालांनी साखळदंडानं बांधून चालवत नेलं, किंवा जहाजात भरून न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात उभं केलं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. पश्चिमेचा विस्तार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोडे आणि छताच्या बैलगाड्या येतात. लाखो कुटुंबांसाठी त्याचा अर्थ ताटातूट असा होता.

म्हणजे जमीन नवी मिळत राहिली की गुलामांचे भाव चढे राहणार. ती मिळायची थांबली की भाव पडणार. १८६० साली या माणसांची 'किंमत' देशातल्या रेल्वे आणि कारखान्यांतल्या एकूण भांडवलापेक्षा जास्त होती. दक्षिणेतला मालक नव्या जमिनीसाठी इतका हट्ट का धरत होता, ते इथे कळतं. (आणि ही जमीन रिकामी नव्हती, बरं का. चेरोकी, क्रीक, चोक्टॉ अशा लोकांना १८३० च्या कायद्यानं तिथून हाकलून लावल्यावरच ती 'नवी' झाली. तो एक स्वतंत्र भाग होईल.)

दुसरं कारण, सत्तेचा हिशोब. अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, दोन सभागृहं. खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा. उत्तरेत युरोपातून माणसं येऊन उतरत होती, त्यामुळे तिथे दक्षिण मागे पडत गेली. सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला दोनच जागा, राज्य लहान असो की मोठं. त्यामुळे गुलामगिरी वाचवायची तर सिनेट हातात हवं, आणि सिनेट हातात हवं तर नवी राज्यं आपल्या बाजूची हवीत.

१८०३ साली नेपोलियनकडून लुईझियानाचा प्रचंड प्रदेश दीड कोटी डॉलरला विकत घेतला, देश जवळपास दुप्पट झाला. त्यातलंच मिसुरी १८१९ साली राज्य व्हायला आलं. तेव्हा गुलामगिरीची ११ आणि मुक्त ११ अशी राज्यं होणार होती. मिसुरी कुठल्या पारड्यात? तोड निघाली ती १८२० ची : मिसुरी गुलामगिरीचं राज्य, त्याच्या बदल्यात उत्तरेला मेन हे मुक्त राज्य, आणि उरलेल्या लुईझियानात ३६ अंश ३० मिनिटांवर एक रेघ. रेघेच्या वर गुलामगिरी नाही. म्हाताऱ्या जेफरसननं तेव्हाच एका पत्रात लिहिलं की या प्रश्नानं आपण मध्यरात्री आगीची घंटा ऐकावी तसे दचकून जागे झालो. स्वतः शेकडो गुलामांचा मालक असलेला माणूस, पण नाडी बरोबर ओळखली होती त्यानं.

ती रेघ चौतीस वर्षं टिकली. मधे मेक्सिकोचं युद्ध झालं आणि १८४८ साली कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा मुलूख अमेरिकेच्या घशात गेला. मेक्सिकोनं गुलामगिरी आधीच बंद केलेली होती, म्हणजे ती पुन्हा तिथे न्यायची का, असा प्रश्न होता. युद्ध चालू असतानाच डेव्हिड विल्मट नावाच्या पेनसिल्व्हेनियाच्या सदस्यानं प्रस्ताव आणला की जिंकलेल्या मुलखात गुलामगिरी नको. खालच्या सभागृहात मंजूर, सिनेटमध्ये अडकला. इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. विल्मटला काळ्या माणसाचा कळवळा होता म्हणून हे केलं असं नाही. त्यानंच सांगितलं होतं की मला ही जमीन गोऱ्या कष्टकऱ्यासाठी राखायची आहे. उत्तरेतल्या पुष्कळ लोकांची भूमिका हीच होती : गुलामगिरी नको, कारण फुकटच्या मजुरीशी आमचा शेतकरी स्पर्धा कशी करणार. ओरेगॉननं तर राज्यघटनेतच गुलामगिरीलाही बंदी घातली आणि मुक्त काळ्या माणसांनी तिथे राहायला येण्यालाही. गुलामगिरी पाप आहे म्हणून लढणारे होते, पण ते थोडे. ते आणि हे स्वार्थी लोक एका बाजूला आले, तेव्हा कुठे बहुमत झालं.

१८५० साली आणखी एक तोड. कॅलिफोर्निया मुक्त राज्य झालं, आणि त्याच्या बदल्यात दक्षिणेला मिळाला पळालेल्या गुलामांचा कडक कायदा. कोणालाही पळालेला गुलाम म्हणून पकडलं तर ज्युरी नाही, आणि पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्षसुद्धा देता येत नाही. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला, माणूस मालकाकडे परत पाठवला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

या कायद्यानं गुलामगिरी उत्तरेच्या दारात आणून उभी केली. १८५४ साली बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स या व्हर्जिनियातून पळून आलेल्या तरुणाला पकडलं, आणि त्याला बंदरापर्यंत न्यायला सैन्य लावावं लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो लोक, घरांवर काळी फडकी. ज्यांना कालपर्यंत या विषयाचं काही पडलेलं नव्हतं, असे कितीतरी लोक त्या दिवशी बदलले.

नेमक्या त्याच आठवड्यात वॉशिंग्टनमध्ये कॅन्सस-नेब्रास्काचा कायदा झाला. माझ्या मते युद्धाची खरी सुरुवात इथे. इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस याला शिकागोहून पॅसिफिकपर्यंत रेल्वे हवी होती, आणि त्यासाठी मधल्या मुलखात सरकार स्थापायला हवं होतं. दक्षिणेच्या मतांची किंमत होती ती १८२० ची रेघ. डग्लसनं पुसली. म्हणाला, तिथले लोकच मतदान करून ठरवतील. ऐकायला किती छान, लोकशाही! पण 'तिथले लोक' म्हणजे कोण? अजून तर कोणी राहायला आलेलं नाही.

मग ज्याला त्याला आपली माणसं तिथे नेऊन वसवायची घाई झाली. उत्तरेतून मंडळ्या स्थापून शेतकरी पाठवले जाऊ लागले, मागाहून बंदुकांच्या पेट्या. शेजारच्या मिसुरीतून तर लोक मतदानापुरते हत्यारं घेऊन यायचे, मत टाकायचे आणि घरी परत. मार्च १८५५ च्या निवडणुकीत नोंदलेले मतदार होते २,९०५ आणि मतं पडली ६,३०७. बोगस मतदान आपल्याला नवीन नाही, पण हे म्हणजे फारच झालं! त्यातून निवडून आलेल्या विधिमंडळानं गुलामगिरीविरुद्ध बोलणं-लिहिणं हाच गुन्हा ठरवला. विरोधकांनी वेगळं सरकार थाटलं. एका प्रदेशात दोन सरकारं.

मे १८५६ मधले चार दिवस बघा. २१ तारखेला गुलामगिरीवाल्यांच्या जमावानं लॉरेन्स गावातलं हॉटेल जाळलं, छापखाने मोडले. २२ ला, कॅन्ससवर जळजळीत भाषण केलं म्हणून सिनेटर चार्ल्स समनरला दक्षिण कॅरोलिनाच्या प्रेस्टन ब्रूक्सनं सिनेटच्या सभागृहातच काठीनं रक्तबंबाळ होईस्तोवर मारलं. ब्रूक्सला ३०० डॉलर दंड झाला, दक्षिणेतून भेट म्हणून नव्या काठ्या आल्या आणि मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. २४ च्या रात्री जॉन ब्राऊननं आपल्या मुलांना आणि साथीदारांना घेऊन पाच गुलामगिरीसमर्थकांना घरातून ओढून बाहेर काढलं आणि तलवारींनी कापलं. युद्धाला अजून पाच वर्षं होती.

पुढचं भराभर सांगतो. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही, आणि नव्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी घालायचा काँग्रेसला अधिकारच नाही. म्हणजे नव्या रिपब्लिकन पक्षाचा एकमेव मोठा मुद्दा घटनाबाह्य ठरला. तोडगा काढायची जागाच उरली नाही. १८५९ साली जॉन ब्राऊननं हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला, पकडला गेला, फाशी गेला. उत्तरेत काहींनी त्याला हुतात्मा म्हटलं, दक्षिणेची झोप उडाली. १८६० साली लिंकन जेमतेम ४० टक्के मतांवर निवडून आला. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याला मत द्यायची सोयच नव्हती, तरीही. तेव्हा दक्षिणेला कळलं की आता आपल्या मतांशिवायही राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो.

त्या डिसेंबरात शेवटचा प्रयत्न झाला. क्रिटेंडन नावाच्या सिनेटरनं सुचवलं, जुनी रेघ परत आणू आणि पार कॅलिफोर्नियापर्यंत नेऊ. लिंकननं आपल्या लोकांना कळवलं, बाकी कशावरही बोला, विस्तारावर एक पाऊल मागे नाही. त्याचं म्हणणं, आज हे दिलं की उद्या क्युबा मागतील. ही निव्वळ कल्पना नव्हती. चारच वर्षांपूर्वी विल्यम वॉकर नावाच्या टेनेसीच्या माणसानं भाडोत्री सैन्य घेऊन निकाराग्वा बळकावला होता आणि तिथे गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली होती.

'राज्यांचे हक्क' हेच कारण होतं, असं आजही सांगितलं जातं. पण फुटून निघताना दक्षिण कॅरोलिनानं काय तक्रार केली? उत्तरेची राज्यं पळालेल्या गुलामांचा केंद्रीय कायदा पाळत नाहीत, ही! म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला हेच खुपत होतं. मिसिसिपीनं तर आपली भूमिका गुलामगिरीशी जोडलेली आहे हे सरळच लिहून ठेवलं.

१२ एप्रिल १८६१ ला फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या. चार वर्षांत किमान ६ लाख २० हजारांच्या आसपास सैनिक मेले, नवे अभ्यास साडेसात लाखांपर्यंत जातात. आणि ज्या कॅन्ससवरून एवढं रक्त सांडलं, तिथे १८६० च्या जनगणनेत माणसं होती लाखाच्या वर, आणि गुलाम किती? दोन. इतकी महाग 'मालमत्ता' बंदुका चालू असलेल्या मुलखात न्यायला मालक तयारच नव्हते.

दक्षिणेचे सदस्य निघून गेल्यावर काँग्रेसमधल्या त्यांच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि वर्षानुवर्षं अडकलेले कायदे १८६२ च्या उन्हाळ्यात दीड महिन्यात झाले : मे महिन्यात शेतकऱ्याला पश्चिमेत १६० एकर जमीन, जूनमध्ये सगळ्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी, १ जुलैला पॅसिफिकची रेल्वे. गुलामगिरी सगळ्या देशातून जायला मात्र डिसेंबर १८६५ उजाडला. तोवर सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले होते, आणि त्यांतले कितीतरी मळ्यांतून पळून आलेले गुलाम होते.

त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी एक पुस्तक काढलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. पुस्तकाचं नाव 'गुलामगिरी'. पुढच्या भागात तेच घेऊ. भेटू या.