नागमोडी पट्टा, डीझेल ट्रक एंजिनातील

एंजिनाच्या भुजादंडावरील (क्रँकशाफ्टवरील) कप्पीपासून पाण्याचा पंप, पंखा, प्रत्यावर्तक (अल्टरनेटर), पॉवर स्टिअरिंगचा पंप इ. साहाय्यक यंत्रणांना एकाच अखंड पट्ट्याने गती देण्याची योजना. हा पट्टा एका कप्पीच्या वरून व दुसरीच्या खालून वळसे घेत जातो, म्हणून त्यास नागमोडी म्हणतात. जुन्या ट्रकांत याच कामासाठी ‘व्ही’ आकाराच्या छेदाचे दोन वा तीन वेगळे पट्टे असत. गॅरेजमध्ये त्यांना सरसकट ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. जुन्या एंजिनावर नागमोडी पट्टा बसविणे शक्य आहे. मात्र तो केवळ पट्ट्याचा बदल नसून एंजिनाच्या पुढील भागाची फेरमांडणी असते.

व्ही पट्टा १९१७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी तयार केला. सपाट पट्ट्याची पकड केवळ घर्षण व वळशाचा कोन यांवर अवलंबून असते. व्ही पट्टा मात्र खाचेच्या दोन्ही तिरप्या बाजूंत पाचरीसारखा घट्ट बसतो. घर्षणांक ०·३ व वळसा १८०° धरल्यास सपाट पट्ट्याच्या ताणलेल्या व ढिल्या बाजूंतील ताणांचे गुणोत्तर सु. २·६ पर्यंत जाऊ शकते. ३८° कोनाच्या खाचेत तेच सैद्धांतिक दृष्ट्या सु. १८ पर्यंत जाते. मात्र जाड व्ही पट्टा लहान कप्पीभोवती वाकताना तापतो आणि उलट बाजूने वाकविल्यास लवकर तडकतो. नागमोडी पट्टा पातळ असून त्याच्या आतल्या बाजूस लहान लहान व्ही आकाराच्या उभ्या धारा असतात. त्यामुळे व्ही पट्ट्याची पकड आणि सपाट पट्ट्याची लवचिकता हे दोन्ही गुण त्यात येतात व त्याच्या पाठीवरही कप्पी चालविता येते. मोटारगाड्यांत त्याचा प्रसार १९७९ सालच्या फोर्ड मस्टँगपासून झाला. ‘८ पीके १५००’ अशा खुणेचा अर्थ ८ धारा व १,५०० मिमी. लांबी असा होतो. दोन धारांमधील अंतर ३·५६ मिमी. असल्याने असा पट्टा सु. २८·५ मिमी. रुंद भरतो.

भारतात टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेटपूर येथे डीझेल ट्रकांचे उत्पादन सुरू केले. या परंपरेतील ६९७ या सहा सिलिंडरांच्या एंजिनाने देशातील मालवाहतुकीचा मोठा भार वाहिला (६ ही सिलिंडरांची संख्या व ९७ हा सिलिंडराचा मिमी. मधील व्यास). मुंबई–आग्रा महामार्गाने ठाण्याहून भिवंडीची गोदामे व पुढे कसारा घाट गाठणारे, तसेच कल्याण–शीळ रस्त्याने डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात मालाची ने-आण करणारे जुने ट्रक बव्हंशी अशाच, साध्या व हाताने दुरुस्त होणाऱ्या एंजिनांवर चालत आले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या नव्या ट्रकांत धारांचा पट्टा कारखान्यातूनच बसविलेला आढळतो. तो पाहून जुन्या गाडीच्या मालकालाही तसा बदल करावासा वाटतो.

या बदलाचे खरे कारण बहुधा विजेची वाढलेली गरज हे असते. २८ व्होल्ट दाबाला ८० अँपिअर प्रवाह देणारा प्रत्यावर्तक सु. २·२ किवॉ. वीज पुरवितो, त्याची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्के धरली, तर पट्ट्यावर सु. ४ किवॉ., म्हणजे पाचएक अश्वशक्तीचा भार पडतो. लहान कप्पीवर अर्धवट वळसा घेतलेला एकेरी व्ही पट्टा हा भार पेलताना घसरतो. तो थांबविण्यासाठी मिस्त्री पट्टा आणखी ताणतो आणि मग पाण्याच्या पंपाचा धारवा (बेअरिंग) खराब होतो. चालककक्षातील वातानुकूलनाचा संपीडक (काँप्रेसर) बसविल्यास भार आणखी वाढतो. (१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहनांना असे वातानुकूलन सक्तीचे झाले, त्यापूर्वीच्या ट्रकांना हा नियम लागू नाही.) जेथे असा वाढीव भार नाही, तेथे एकाच जुळणीचे दोन समांतर व्ही पट्टे पुरेसे असतात. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा गाडीत नागमोडी पट्ट्यावर पैसा घालणे अनाठायी आहे.

बदल करताना भुजादंडाच्या कप्पीकडे प्रथम पाहावे लागते. सहा सिलिंडरांच्या एंजिनात या कप्पीला लागूनच बहुधा पीळ-कंपनांचे शमन करणारी चकती (डँपर) असते. चतुर्धाव एंजिनात भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोट होतात व प्रत्येक स्फोटाने दंडास पीळ बसतो. ही कंपने शमविणे हे या चकतीचे काम. जागा होत नाही म्हणून चकती काढून तेथे लेथवर कातलेली साधी कप्पी बसविली, तर पट्टा उत्तम चालेल, पण काही काळाने भुजादंडच मोडेल. नवी कप्पी चकतीच्या पुढे, तिला धक्का न लावता व केंद्र अचूक साधूनच बसविली पाहिजे.

दुसरी बाब दिशेची. धारांच्या बाजूने चालणाऱ्या सर्व कप्प्या भुजादंडाच्या दिशेनेच फिरतात, तर पाठीवर चालणारी कप्पी उलट फिरते. पाण्याचा पंप चुकून पाठीवर घेतला तर त्याची पाती उलट फिरून प्रवाह अत्यल्प होतो. पंखा त्याच दांड्यावर असल्यास तो प्रारणकातून (रेडिएटरमधून) हवा खेचण्याऐवजी पुढे ढकलतो. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीत हा दोष कदाचित जाणवणार नाही, परंतु भरलेला ट्रक कसाऱ्याच्या चढावर खालच्या गिअरमध्ये जाऊ लागताच पाणी उकळू लागते. कप्प्यांचे व्यासही मूळ प्रमाणातच ठेवावेत. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दहा टक्क्यांनी वाढला तर शक्ती सु. एकतृतीयांशाने वाढते.

तिसरी व सर्वांत किचकट बाब म्हणजे सर्व कप्प्या एका प्रतलात आणणे. दर ३०० मिमी. अंतरास सु. १·५ मिमी. हून अधिक चूक या पट्ट्याला सोसत नाही. व्ही पट्टा याहून बराच सहनशील असतो. पातळ पत्र्याचे कंस (ब्रॅकेट) प्रत्यावर्तकाच्या ओढीने वाकतात, म्हणून जाड पोलादी पट्टीचे, निदान दोन ठिकाणी आवळलेले कंस लागतात. स्प्रिंगचा स्वयंचलित ताणक (टेन्शनर) पट्ट्याच्या ढिल्या बाजूवर, म्हणजे भुजादंडाच्या कप्पीवरून सुटून पुढे जाणाऱ्या भागावर बसवितात. तो ताणलेल्या बाजूवर बसविल्यास भार येताच मागे ढकलला जातो व पट्टा उडतो. पट्टा कुरकुरत असल्यास एंजिन चालू असताना दुरून धारांवर थोडे पाणी शिंपडून पाहतात : आवाज क्षणभर थांबला तर कप्प्या एका रेषेत नाहीत, वाढला तर ताण कमी आहे.

या योजनेतील मोठा धोका तिच्या एकपणातच आहे. हा पट्टा तुटला की पाणी, वीज व पॉवर स्टिअरिंग एकाच वेळी बंद पडतात. ब्रेकसाठी हवा पुरविणारा संपीडक काही एंजिनांत दंतचक्रांवर (गिअरवर), तर काहींत पट्ट्यावर चालतो. तो पट्ट्यावर असेल, तर टाकीतील हवा संपेपर्यंतच ब्रेकचा भरवसा असतो. म्हणून अशा एंजिनात संपीडकासाठी मूळचा वेगळा व्ही पट्टा तसाच राखणे इष्ट. जुन्या मांडणीतही पंख्याचा एकच पट्टा असल्यास तो तुटताच पाण्याचा पंप थांबे. पण पट्ट्यांची जोडी असल्यास एक तुटूनही दुसऱ्यावर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचे.

खडी वाहणाऱ्या वाहनांत धारांमधील अरुंद खाचांत कच अडकते, तर पावसाळ्यात रस्त्यावर तुंबलेले पाणी पंख्याने उडून पट्ट्यावर येते. म्हणून खालच्या बाजूस पत्र्याचे आवरण लावतात. निओप्रीनच्या जुन्या पट्ट्यांवर आयुष्य संपताना आडव्या चिरा दिसत, त्यामुळे नुसत्या पाहण्यावरून निर्णय होई. अलीकडचे ईपीडीएम रबराचे पट्टे सहसा चिरत नाहीत, त्यांच्या धारा झिजत जातात. त्यांची झीज धारांत बसणाऱ्या लहान मापाने तपासावी लागते. अशा ट्रकात एक नवा पट्टा व तो उतरविण्यास लागणारा पाना नेहमी बरोबर ठेवतात. पट्ट्याचा मार्ग दाखविणारी आकृती चालककक्षाच्या दारावर आतून रंगवून ठेवल्यास रात्री रस्त्याकडेला पट्टा चढविताना उपयोगी पडते, कारण फेरमांडणी केलेल्या एंजिनाची आकृती उत्पादकाच्या पुस्तिकेत मिळत नाही.