‘प्रवाह’ या संज्ञेची मर्यादा

विद्युत् व चुंबकत्व यांच्या अध्ययनात ‘प्रवाह’ ही संज्ञा पदोपदी येते. तिचे मूळ द्रवाच्या कल्पनेत आहे. १७४७ च्या सुमारास फ्रँक्लिनने विद्युत् हा एकच द्रव मानून त्याच्या आधिक्यास ‘धन’ व न्यूनतेस ‘ऋण’ म्हटले. १८९७ मध्ये टॉमसनने शोधलेला इलेक्ट्रॉन ऋण ठरला. म्हणजे तारेतील इलेक्ट्रॉनांची गती रूढ प्रवाहाच्या उलट दिशेस असते.

एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असता इलेक्ट्रॉन सेकंदाला सरासरी सुमारे ०.०७ मिलिमीटर एवढेच पुढे सरकतात. तरीही दिवा तत्क्षणी लागतो. कारण क्षेत्रातील बदल प्रकाशाच्या वेगाशी तुल्य अशा वेगाने पसरतो. मॅक्सवेलच्या ‘विस्थापन प्रवाहा’त तर, आजच्या दृष्टीने, धारित्राच्या पट्ट्यांमधील निर्वातातून काहीच वाहत नाही, केवळ विद्युत्-क्षेत्र बदलते, आणि त्यापासूनही चुंबकीय क्षेत्र निर्माण होते.

संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. परंतु शब्दाचा मूळ अर्थ हाच संकल्पनेचा अर्थ मानणारा विद्यार्थी समीकरणे सोडवूनही क्षेत्राच्या कल्पनेस पारखाच राहतो.