खगोलशास्त्रात एम.एस्सी. करायची तर आधी फिजिक्स

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ सालचा. त्यामुळे ताऱ्यांच्या नादी लागलेल्या इथल्या मुलामुलींपुढे आदर्श आयताच असतो. नारळीकरांनी केंब्रिजला पदवी घेतली ती मात्र गणिताची, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. म्हणून बारावीनंतर खगोलशास्त्र असं नाव असलेली पदवी शोधत बसू नये. फिजिक्स आणि गणित घेऊन जवळच्या चांगल्या कॉलेजात बी.एस्सी. करावी.

शेवटच्या वर्षाला असताना साधारण सप्टेंबरमध्ये 'जॅम' या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचे फॉर्म निघतात आणि फेब्रुवारीत परीक्षा होते: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. या गुणांवर आयआयटी इंदूरला खगोलशास्त्राच्या स्वतंत्र एम.एस्सी.साठी अर्ज करता येतो. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातही या विषयाचा वेगळा विभाग आहे. तरीही, माझ्या मते, शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्यात फिजिक्समध्येच एम.एस्सी. करणं कुठेही कमी नाही. पुढे पीएच.डी.साठी 'जेस्ट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागली, तर तिथेही फिजिक्सच विचारतात.

याचं कारण एका उदाहरणातून कळेल. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. हायड्रोजनचा अणू १४२०.४ मेगाहर्ट्झला रेडिओलहर सोडतो. समजा, एखाद्या दीर्घिकेकडून ती १४१८ला आली. फरक २.४. त्याला १४२०.४ने भागा आणि प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटरने गुणा. उत्तर येतं सुमारे ५०७. म्हणजे ती दीर्घिका सेकंदाला साधारण ५०० किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर चालली आहे. पण पृथ्वीही सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, त्याचाही हिशेब धरावा लागतो. अणू नेमकी हीच लहर का सोडतो, ते क्वांटम मेकॅनिक्स सांगतं. गोंगाटातून ती वेगळी काढायची तर संख्याशास्त्र हवं, आणि ढीगभर आकड्यांवर हे करायला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. एम.एस्सी.ची दोन वर्षं या सगळ्यात जातात. दुर्बिणीला डोळा लावायची वेळ क्वचितच येते.

पायथन बी.एस्सी.लाच शिकून घ्यावं. त्यासाठी साधा लॅपटॉप पुरतो. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था सुट्टीत विद्यार्थ्यांना प्रकल्पावर घेतात. त्यांची जाहिरात सुट्टीच्या कितीतरी आधी येते आणि अर्जासोबत प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं. तेव्हा ज्या सरांना किंवा मॅडमना आपलं काम माहीत आहे, त्यांच्याशी दिवाळीआधीच बोलून ठेवावं.