खाडा करून आलेली माणसं

सातवी ‘ब’च्या दाराशी चपलांचा ढीग वाढत चालला आहे. चपला बाहेर काढा असं कुणी सांगितलेलं नाही. फळ्याजवळ उभ्या असलेल्या वर्गशिक्षिकांच्या पायात सँडल आहेत, मुलं तर रोज बूट घालूनच बाकांवर बसतात. तरी येणारा प्रत्येक जण उंबऱ्याशी थांबतो, आत एक नजर टाकतो आणि चप्पल काढतो. रबरी स्लिपर सर्वांत जास्त. त्यातल्या कितीतरी जोडांवर तेलाचे काळे डाग आणि डागांना चिकटलेलं पांढरं तूस.

नोव्हेंबरातला शनिवार, इचलकरंजी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती भरली आहे आणि पहिल्या सत्राचा निकाल पालकांच्या हाती द्यायचा आहे. बहिणीला ताप आहे, म्हणून भाचीची पालक आज मी. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना आहे. त्याचा खडखडाट वर्गात अखंड येतो, पण माझ्याखेरीज तो कुणाच्या ध्यानातही नसावा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला. आज शहापूर, कबनूर, चंदूर, तारदाळ, कुठंही जा, हाच आवाज सोबतीला असतो. या वर्गातल्या बहुतेक मुलांचं घर त्याच आवाजावर चालतं.

मी खिडकीजवळच्या बाकावर बसले आहे. इथून शाळेचं फाटक दिसतं. फाटकाबाहेर एक बाई थांबली आहे. साडीवर तिनं पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला आहे, निळ्या रेघांचा. आपल्याकडं शेतात आणि बांधकामावर बायका घालतात तसाच. कारखान्यात सुताच्या कांड्या भरताना साडी खराब होऊ नये, पदर यंत्रात जाऊ नये, म्हणून हा शर्ट. भिंतीकडं तोंड करून ती बटणं काढते, शर्टाची नीट घडी घालते, पिशवीत तळाशी ठेवते. वर जेवणाचा डबा. आत आकाशी रंगाची साडी आहे, कडक, बहुधा कोरीच. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, केसांवरून ओला हात फिरवून मग ती फाटकातून आत येते. चार पावलं टाकल्यावर चालणंच बदललेलं दिसतं.

वर्गात आल्यावर ती माझ्याच बाकावर बसते. शेजारची म्हणते, “अक्का, साडी नवी वाटतं?”

“भाऊबिजेची. भावानं घेतली. म्हटलं, शाळंलाच पहिल्यांदा नेसू.”

दिवाळी नुकती झाली असल्यानं वर्गात नव्या कापडाचा वास आहे. बोनसमधून घेतलेले शर्ट, घडीच्या रेघा अजून न मोडलेले. पाडव्याला घातलेला शर्ट पुन्हा आज अंगावर आला आहे. लग्न, दवाखाना, बँक आणि शाळा, या चार ठिकाणांसाठी ठेवणीतलं एखादं कापड इथं प्रत्येक घरात असतं. ते शाळेसाठी काढलं जातं, याचं मला फार मोल वाटतं. ज्या इमारतीत या आई-बापांपैकी कित्येक जण चौथी-सातवीपलीकडं टिकले नाहीत, त्याच इमारतीत ते ठेवणीतलं नेसून येतात. मुलाच्या निकालाला त्यांनी कुठं बसवलं आहे, ते त्यावरून कळतं.

ही सगळी नवी कापडं बाजारातून आणलेली, बहुतेक पॉलिस्टर मिसळलेली. या माणसांनी स्वतः विणलेलं पॉपलीन आणि केंब्रिक कोऱ्या ताग्यांतच ट्रकमध्ये चढतं. रंगायला, धुवायला ते पाली-बालोतऱ्याकडं, अहमदाबादेकडं जातं आणि तिथून कुठं जातं ते विणणाऱ्याला माहीत नसतं. त्याची मजुरी मीटरवर, तीही ५२ पिकाचा हिशेब धरून ठरलेली. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. एक-एक धागा मोजून ज्यांना पैसे मिळतात, त्यांच्या अंगावरच्या कापडाकडं मला आज सावकाश बघावंसं वाटतं.

व्हरांड्यात गडबड होते. रातपाळी करून एक बाप थेट इथं आला आहे. शर्ट स्वच्छ आहे. कारखान्यात माणसं उकाड्यापायी बनियन आणि अर्ध्या चड्डीवर काम करतात, शर्ट-पँट खुंटीला टांगलेली असते, त्यामुळं ती वाचते. पण भुवया पांढऱ्या, कानांच्या पाळ्यांवर पांढरं, मानेवरच्या केसांत पांढरं. त्याची मुलगी वर्गातून धावत बाहेर जाते. मला वाटतं, ती त्याला नळाकडं पिटाळणार. या वयात मुलांना आई-बापाच्या कपड्यांची लाज वाटायला लागते. ती मात्र दप्तरातून रुमाल काढते, त्याला वाकायला सांगते आणि आधी एक भुवई, मग दुसरी पुसते. मग कान. तो डोळे मिटून, तोंड पुढं करून उभा राहतो. व्हरांड्यातून तिच्या वर्गातली मुलं जात-येत आहेत, ती कुणाकडं बघत नाही. काम संपल्यावर रुमाल झटकून त्याला म्हणते, “चल, आता हळू बोलायचं.”

हळू बोलणं त्याला जमत नाही. मागांच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचा आवाज चढाच राहतो. “नमस्कार बाई, गणितात काय केलंय हिनं?” असं तो दारातूनच विचारतो आणि सगळा वर्ग वळून बघतो. बाई शांतपणे सांगतात, “या दादा, बसा. गणितात चांगलं आहे, इंग्रजीवर बोलू.” त्याही आवाज चढवून बोलतात, त्याला ऐकू जावं म्हणून. बाईंच्या अंगावर फिकट पिवळा पंजाबी ड्रेस, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी बसवलेली. शिक्षकांनी काय घालावं हे मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं ठरवून दिलं: बायकांना साडी किंवा ओढणीसह सलवार-कुर्ता, पुरुषांना शर्ट-पँट, जीन्स आणि टी-शर्ट नको. पालकांच्या कपड्यांवर सरकारचा कागद नाही. पण सूचनाफलकावर, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, मी येतानाच वाचलं आहे: ‘पालकांनी सभ्य व नीटनेटक्या पोशाखात शाळेत यावे. गाऊन घालून येऊ नये.’

गाऊनवर टॉवेल किंवा ओढणी टाकून मुलांना सोडायला येणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. सकाळी पाण्याची वेळ, डबे, अंघोळी, त्यात साडी कुठं नेसणार? इंग्लंडमध्ये डार्लिंग्टनच्या स्कर्न पार्क अकॅडमी या प्राथमिक शाळेत २०१६ साली मुख्याध्यापिकेनं पालकांना पत्र लिहून विनंती केली होती की, मुलांना सोडायला पायजम्यावर, झोपेच्या कपड्यांत येऊ नका. त्यावर तिकडं बरेच दिवस वाद झाला. अशा सूचनेमागचा हेतू मला कळतो. मुलांनी गणवेशात यायचं आणि मोठ्यांनी कसंही, हे शिक्षकांना खटकत असणार. तरीही मला ती सूचना पटत नाही. ती वाचून आपल्या अंगावरच्या कपड्यांकडं बघणारी आणि फाटकातूनच परत फिरणारी आईच असते, कारण ती आधीच बिचकत आलेली असते.

वर्गाच्या भिंतीवर सावित्रीबाई, शाहू महाराज आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी आहेत, खाली मुलांनी चिकटवलेली झेंडूची सुकलेली फुलं. कोल्हापूर संस्थानात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्यांची नजर होती ती मूल शाळेत येतं का यावर. बाबासाहेबांनी मात्र कपड्यांबद्दल उघड बोलून दाखवलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या बायकांना त्यांनी सांगितलं की, ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते सोडा, लुगडं फाटकं असलं तरी स्वच्छ ठेवा, मुलींना शिकवा. बायकांनी ते ऐकलं आणि नेसण्याची तऱ्हा बदलली. ते सांगणं बायकांना ताठ मानेनं वावरता यावं म्हणून होतं. फलकावरची सूचना बघणाऱ्याच्या डोळ्यांची सोय बघते. दोन्हीकडं विषय कपड्यांचाच आहे, पण पहिल्यानं माणूस आत येतो आणि दुसऱ्यानं बाहेर राहतो.

वर्ग आता भरला आहे. पुढच्या बाकावर पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशाला पेन: चार मागांचे खर्चीवाले, दुसऱ्याचं सूत मजुरीनं विणून देणारे. त्यांच्यामागं इरकली लुगड्यातली आजी, नातवाचे आई-बाप दोघंही कामावर. बुरखा घातलेली एक आई नकाब वर करून प्रगतिपत्रक वाचते आहे, बोट प्रत्येक ओळीखालून सरकतं. एक बाप बिहारकडचा, इस्त्रीची जीन्स, गळ्यात गमछा. बाईंचं मराठी त्याचा मुलगा त्याला हिंदीत सांगतो, पण स्वतःच्या खोड्यांचा भाग गाळतो. बाईंना ते कळतं आणि तेवढा भाग त्या स्वतः हिंदीत सांगतात. एसटीची कंडक्टर खाकी गणवेशात आली आहे, बिल्ला लावलेला, तिकिटाचं यंत्र मांडीवर. तिच्या कपड्यांचा प्रश्नच मिटलेला आहे. तिच्यासाठी सगळे सरकून जागा करतात.

बाई सर्वांना एकाच तऱ्हेनं बोलावतात. नाव मुलाचं, मग “या ताई”, “या दादा”, आजींना “या आजी”. प्रत्येकाला समोरच्या खुर्चीवर बसवतात. आजी खुर्चीच्या कडेवर टेकते, तेव्हा त्या म्हणतात, “नीट बसा की आजी, खुर्ची तुमचीच आहे.” मी जी काही शिक्षक मंडळी बघितली आहेत, त्यांत चांगला शिक्षक मला नेहमी इथंच ओळखू आला आहे, समोरच्या पालकाला तो कसा बसवतो यावर.

निकाल वाटून झाल्यावर शाळा व्यवस्थापन समितीसाठी सातवीतून एक नाव सुचवायचं आहे. “कोण येईल?” बाई विचारतात. साऱ्या माना पांढऱ्या शर्टाकडं वळतात. “अण्णांचंच नाव लिहा,” मागून कुणी म्हणतं. अण्णा पेन चाचपतात. ते भले गृहस्थ आहेत आणि काम करतील, यात शंका नाही. पण निवड नावावर होण्याआधी कपड्यांवर झाली आहे, हे मला समोर दिसतं आहे.

बाई सांगतात, “शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, समितीत तीन-चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका. आत्ता बायका कमी पडतात.”

वर्ग गप्प. मग कंडक्टर म्हणते, “ह्या अक्कांचं लिहा. पोषण आहारात खिचडी कच्ची राहिली, तेव्हा शाळेत येऊन कोण बोललं होतं?”

आकाशी साडीतली माझ्या शेजारची बाई आधी पदर सावरते. “मी? मला काय कळतंय त्यातलं?” मग जरा थांबून विचारते, “बैठक कवा असती?”

“महिन्यातनं एकदा. दुपारी.”

“दुपारी आलं की खाडा पडतोय बाई. मालक अर्ध्या दिवसाचं देत न्हाई.”

आज वर्गात बसलेल्या निम्म्या माणसांचा खाडा पडला आहे किंवा झोप मोडली आहे. पांढरा शर्ट घालून ज्यांना वेळेवर येता येतं, त्यांच्याही कपड्यांत कष्ट आहेत, पण वेळ त्यांच्या हातात आहे. शाळेनं पालकांकडून काही मागायचंच असेल तर कपडे शेवटी मागावेत. आधी सभेची वेळ पाळीशी जुळवावी.

बाईंना हे सुचलेलं असावं, किंवा अक्कांच्या बोलण्यानं सुचलं असेल. त्या फळ्यावर दोन रकाने आखतात: दिवसपाळी, रातपाळी. “हात वर करा. कोण कुठल्या पाळीला?” हात वर होतात. रातपाळीच्या रकान्यात रेघा वाढत जातात. अण्णा उठून खडू घेतात आणि रेघा मारायला मदत करतात. समितीची बैठक संध्याकाळी घ्यायला मुख्याध्यापक तयार होतील का, यावर मागच्या बाकांवर वाद सुरू होतो. दिवसपाळीवाल्यांना सातनंतरची वेळ पाहिजे, कंडक्टरची तेव्हा शेवटची फेरी, बिहारकडचा बाप म्हणतो की त्याची पाळी दर आठवड्याला बदलते.

अक्का म्हणते, “सातला ठेवत असाल तर माझं नाव लिहा.”

बाई लिहितात. आणि पुढचा प्रश्न विचारायला वळतात तेवढ्यात पुसलेल्या भुवयांचा बाप मागून त्याच चढ्या आवाजात सांगतो, “रातपाळीवाल्यांचं आधी उरका बाई, डोळं मिटाय लागल्यात.”