जर्मनची खुर्ची

आमच्या कोल्हापूरकडे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला जुनी माणसे अजूनही ‘जर्मनचे पातेले’ म्हणतात. त्या हिशेबाने अर्नेस्ट रेस या इंग्रज डिझाइनरची १९४५ मधली ‘बीए’ खुर्ची जर्मनचीच ठरते. गंमत अशी, की तिचा धातू जर्मनीशी लढलेल्या ब्रिटिश विमानांच्या भंगारातला.

महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये लाकूड दुर्मीळ होते. १९४२ पासूनच्या ‘युटिलिटी’ योजनेत सरकारी नमुन्यांचेच फर्निचर बनवायचे आणि ते प्रामुख्याने नवविवाहितांना व बॉम्बहल्ल्यात घर गमावलेल्यांना द्यायचे, असा नियम होता. अ‍ॅल्युमिनियमचे मात्र ढीग पडून होते. रेसने हातमागाचा नाद केलेला. १९३७ मध्ये तो मद्रासला मिशनरी आत्याकडे येऊन गेला होता आणि तिथे विणलेले कापड लंडनच्या दुकानात विकत होता. त्याला नोएल जॉर्डन हा इंजिनिअर भेटला आणि फर्निचरची कंपनी उभी राहिली.

उद्यमनगरात वाढलेल्यांना पुढची प्रक्रिया नवी नाही. भंगार वितळवायचे, वाळूच्या साच्यात ओतायचे. खरी अक्कल आहे ती पायांत. आडवा छेद घेतला तर तो इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा दिसतो. धातू थोडा, ताठपणा पुष्कळ. शिवाय पाय खाली निमुळता होत जातो. सरळ नळी वाकवून हे साधत नाही, ओतकामात साधते. लवकरच वाळू जाऊन दाबाने ओतण्याची पोलादी डाय आली आणि धातू आणखी कमी लागू लागला. १९६४ पर्यंत अडीच लाखांहून अधिक खुर्च्या झाल्या, त्यांत ८५० टन अ‍ॅल्युमिनियम गेले. म्हणजे खुर्चीमागे जेमतेम साडेतीन किलो!

खुर्ची दिसते मात्र जुन्या लाकडी जेवणाच्या खुर्चीसारखी. काही समीक्षकांना हा भित्रेपणा वाटेल. मला तो शहाणपणा वाटतो. ज्यांच्या डोक्यावरून विमाने बॉम्ब टाकत गेली, त्यांना जेवायला विमानासारखे काही नको असणार.

१९४६ मध्ये लंडनच्या ‘ब्रिटन कॅन मेक इट’ प्रदर्शनात ती मांडली गेली. तिथला बराचसा माल निर्यातीसाठी राखलेला होता, म्हणून लोकांनी प्रदर्शनाचे नाव बदलून टाकले: ‘ब्रिटन कान्ट हॅव इट’.